रोडबाइकवर दापोली ते मालवण: हिशोब खाड्यांचा ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात रोडबाइक चालवता, रविवारी पहाटे ७०-८० किमी सहज होतात, पण डंपर-कंटेनरच्या शेजारून जायचा आता वीट आलाय. पाच दिवसांची सुट्टी आहे, सायकलला २८ मिमीचे टायर आहेत. मुंबई-गोवा हायवे न धरता कोकणात मालवणपर्यंत शांत रस्त्याने जाता येईल का?

येईल. हायवेला शिवायचीही गरज नाही. मी या किनाऱ्याच्या रस्त्यावर सहा हिवाळे तुकड्या-तुकड्यांनी सायकल चालवलीय. माझ्या मते महाराष्ट्रात रोडबाइकसाठी याहून चांगला रस्ता नाही. पण पुण्यातले बहुतेक जण तो किलोमीटरच्या हिशोबाने आखतात आणि दुसऱ्याच दिवशी हैराण होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा रस्ता शांत का आहे ते आधी समजून घ्या, मग आखणी आपोआप जमते. लांब पल्ल्याची सगळी वाहतूक मुंबई-गोवा, म्हणजे ६६ नंबरच्या हायवेने आतल्या बाजूने जाते. किनाऱ्याने रेवस ते रेडी सलग सागरी महामार्ग करायची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०-८२ची. पण सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते आणि रस्ता तिथे तुटतो. दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. या दोन्ही ठिकाणी आजवर फेरीबोटीनेच पलीकडे जावं लागत आलंय. ज्याला घाई आहे तो ट्रकवाला इकडे कशाला येईल? उरतात त्या गावातल्या दुचाक्या, रिक्षा, एसटी आणि आपण.

आता मोठ्या पुलांची कामं हाती घेतली आहेत. ते झाले की ही शांतता पूर्वीसारखी राहणार नाही याचं मला वाईट वाटतं. पण रात्री पेशंट घेऊन फेरीबोट सुटण्याची वाट बघणाऱ्या माणसाला पूल हवाच, आणि त्याचं म्हणणं माझ्या सायकलपेक्षा मोठं आहे. तुम्ही मात्र जायचं तर फार लांबवू नका.

दुसरी गोष्ट चढाची. किनारा म्हटलं की सपाट रस्ता डोळ्यांसमोर येतो. इथे गाव खाली, खाडीच्या किंवा पुळणीच्या (वाळूच्या किनाऱ्याच्या) काठाला, आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. म्हणजे गाव सोडलं की शंभर-दीडशे मीटर वर चढायचं, उघड्या सड्यावर चार-पाच किलोमीटर सपाट पळायचं, की पुन्हा खाली पुढच्या खाडीवर. असं दिवसातून पाच-सहा वेळा. रत्नागिरी ते जैतापूर या साठ-पासष्ट किलोमीटरमध्ये माझ्या मीटरवर हजार मीटरच्या आसपास चढ जमा होतो. चढ लांब नसतात, पण तीव्र असतात आणि काही वळणांवर रस्ता अगदी उभा. मागे ११-२८ची कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच, आकडे दात्यांचे) असेल तर ती बदलून किमान ११-३२ टाका, पुढच्या चकत्या ५०-३४. गुडघे वाचतील.

म्हणून दिवसाला ६०-७० किमीच्या वर जाऊ नका. मी पहिल्या वर्षी गुहागर ते जैतापूर एका दिवसात आखलं होतं. कागदावर ते जमत होतं. तवसाळला पोचलो तेव्हा फेरीबोट नुकतीच सुटून खाडीच्या मध्यावर होती, ती परत येईपर्यंत बसलो. पुढे गावखडीच्या वरच्या सड्यावर संध्याकाळी मागचं चाक दोनदा पंक्चर झालं. एक ट्यूब होती ती वापरली, दुसरं पंक्चर काढलं, पण हातपंपाने जेमतेम हवा भरली. पुढच्या गावात ट्रकचे टायर काढणारा भला माणूस होता, कंप्रेसर होता, पण आपल्या सायकलचा बारीक प्रेस्टा वॉल्व्ह त्याच्या नळीला बसेना. त्या रात्री त्याच्याच ओसरीवर झोपलो. तेव्हापासून चार पैशांचा पितळी अडॅप्टर माझ्या पाउचमधून निघालेला नाही. तुम्ही तो घ्याच. शिवाय तीन ट्यूब, पॅच, आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. ७०० साइजची ट्यूब रत्नागिरी सोडली की कुठे मिळेल असं धरून चालू नका.

आता मार्ग. स्वारगेटहून दापोलीची रात्रीची बस घ्या. डिकीत सायकल दोन्ही चाकं काढून, डिरेल्युरची (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची) बाजू वर ठेवून जाते. आदल्या दिवशी फोन करून विचारा, कारण डिकी भरलेली असली की कोणी ऐकत नाही. पहिल्या दिवशी दापोलीहून बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ, तिथून फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांत धोपावे, पुढे गुहागर. हीच फेरीबोट नसती तर चिपळूणवरून शंभर किमीच्या पुढे वळसा पडला असता. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, फेरीबोट, जयगड. जयगडहून निवळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंदराचे अवजड ट्रक असतात, या अख्ख्या प्रवासातली नकोशी वाहतूक काय ती तेवढीच. तिकडे न जाता मालगुंडच्या दिशेने किनाऱ्याने उतरा. गणपतीपुळे ते रत्नागिरी आरे-वारे मार्गाने साधारण पंचवीस किमी आहे. त्या तुकड्यावर गाड्या थांबवून फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते.

तिसरा दिवस माझा सगळ्यात लाडका. रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडला की शहर संपतं. पावस, पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, गावखडीचं सुरूबन, मग कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर. सड्यावर एका बाजूला काळं कातळ आणि पिवळं पडलेलं गवत, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि रस्त्यावर कोणी नाही. अर्धा-अर्धा तास इंजिनाचा आवाज येत नाही, फक्त चेनचा. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला भला मोठा हत्ती आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. गावात विचारलं की वाट दाखवतात. क्लीट (पेडलमध्ये अडकणारा टणक तुकडा) असलेले बूट घालून कातळावर चढू नका, खोदकामाला ओरखडे पडतात. चप्पल बरोबर ठेवा.

चौथ्या दिवशी वाघोटण खाडीचा वळसा घेऊन विजयदुर्गमार्गे किंवा थेट देवगड. पाचव्या दिवशी देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वर, मग मिठबाव, आचरा, मालवण. हा दिवस तुलनेने हलका आहे. परतीला कुडाळ किंवा सावंतवाडीहून पुण्याची रात्रीची बस.

वार नीट जुळवा, कारण इथली गर्दी जागेपेक्षा वारावर ठरते. गुहागर, गणपतीपुळे, मालवण-तारकर्ली ही ठिकाणं शनिवार-रविवारी भरून जातात. म्हणून रविवारी निघा, मालवणला गुरुवारी पोचा. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा, मे महिना आणि गणपतीचे दिवस पूर्ण टाळा. डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारी सगळ्यात उत्तम.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. शाळेत शिकलेले मतलई आणि खारे वारे इथे पायांना कळतात. सकाळी जमिनीवरून येणारा वारा सौम्य असतो, अकरानंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेला जाताना तो मागून किंवा उजव्या खांद्यावरून येतो. एकदा मालवणहून उलटा आलो तर दुपारचे सड्याचे सपाट तुकडेही चढासारखे गेले. तसंही उजाडताच निघून साडेअकरापर्यंत मुक्कामी पोचावं. सड्यावर सावलीला झाड नसतं आणि पाण्याचं दुकानही नसतं, दोन मोठ्या बाटल्या भरलेल्या हव्यात.

रिकामा रस्ता म्हणून उतारावर सोडून देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. रस्ता जेमतेम एका गाडीचा, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि वळणाच्या आतल्या बाजूला बारीक लाल खडी साचलेली असते. सकाळी शाळेच्या वेळची एसटी नेमकी अशाच वळणावर भेटते. तिचा हॉर्न ऐकू यायला हवा, म्हणून कानात इअरफोन नको. मी उतारावर ताशी पंचवीस किमीच्या वर जात नाही.

जेवणासाठी आदल्या संध्याकाळी पुढच्या गावातल्या घरगुती खानावळीत फोन करून सांगून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर त्यांची पंचाईत आणि तुमचा उपास. सकाळी घावणे-चटणी किंवा उसळ-पाव मिळतो, वाटेत शहाळं. रत्नागिरी ते देवगड या भागात मुक्कामाच्या जागा कमी आहेत, म्हणून जैतापूर-नाटे परिसरातली खोली सगळ्यात आधी ठरवा, बाकीच्या नंतर.

तारखा ठरल्या की इथेच कळवा. दाभोळ आणि तवसाळच्या फेरीबोटींच्या चालू वेळा त्या आठवड्यात धक्क्यावर फोन करून विचारून तुम्हाला सांगतो.