ब्रिस्बेनच्या व्हिक्टोरिया पार्कला अजून स्वस्तात गोल्फचे १८ होल खेळता येतात का?

नाही हो, तो १८ होलचा कोर्स २०२१ च्या जूनअखेर बंद झाला, पालिकेला तिथे सगळ्यांसाठी मोठं उद्यान करायचं होतं. मी स्वतः तिथे खेळलोय म्हणून सांगतो, १९३१ पासूनचा पालिकेचा कोर्स, मेंबरशिपची भानगड नाही, फी भरा आणि खेळा, चढावर बॅग ओढून दम लागला की समोर शहराच्या उंच इमारती दिसायच्या, फार जीव होता माझा त्या जागेवर. फक्त ड्रायव्हिंग रेंज (लांब फटक्यांच्या सरावाची जागा) आणि मिनीगोल्फ तेव्हा लगेच बंद झाले नव्हते, पण २०३२ च्या ऑलिम्पिकचं स्टेडियम तिथेच करायचं २०२५ मध्ये जाहीर झालंय, तेव्हा जायच्या आधी फोन करा. १८ होलच हवे असतील तर पालिकेचाच सेंट लुशियाचा कोर्स बघा.