गाव वाढतंय, तर शाळेच्या नव्या खोल्या किती आणि कुठे बांधायच्या हे कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की गावाची नगरपंचायत झाली, चारी बाजूंनी ले-आउट पडताहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं वऱ्हांड्यात बसतात, आणि खोल्यांसाठी निधी मागायचा आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात 31 वर्षं शिक्षक होतो, शेवटची 9 मुख्याध्यापक. अनुभवाचं सांगतो.

खोल्या मोजण्याआधी जागा धरा. खोली दोन वर्षांनीही बांधता येते, पण प्लॉट पाडून विकलेली जागा परत येत नाही. आमच्याकडे निधी आला तेव्हा गावठाणातल्या जुन्या शाळेच्या आवारात जागा मोकळी होती, म्हणून चारही खोल्या तिथेच बांधल्या. ठरावावर माझीही सही आहे. पुढच्या दहा वर्षांत वस्ती हायवेपलीकडे सरकली. आज त्यातल्या दोन खोल्यांत मोडके बाक रचलेत आणि पलीकडची पहिलीची पोरं ट्रकांमधून रस्ता ओलांडतात. एक आजी रोज सकाळी पाच-सहा पोरांना एकमेकांचे हात धरायला लावते, स्वतःचा हात उंच करते आणि त्यांना अलीकडे आणते. ती दिसली की ती सही आठवते.

म्हणून नगरपंचायतीचा विकास आराखडा होईल तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत प्राथमिक शाळेसाठी जागेचं आरक्षण मागा. ले-आउटमधल्या 10 टक्के ओपन स्पेसवर विसंबू नका, ती खेळा-बागडायची जागा आहे. आणि आरक्षण पडलं म्हणजे जागा आपली झाली असंही नाही. 1966 च्या नगररचना कायद्यात 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेऊ शकतो. मागे लागावंच लागतं.

आता पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या. जनगणनेची वाट पाहू नका, अंगणवाडीचं रजिस्टर उघडा. आज तीन वर्षांचं असलेलं मूल तीन वर्षांनी पहिलीत येणार. त्यातली किती आपल्याकडे येतात आणि किती कॉन्व्हेंटच्या गाडीत बसतात, हे मागच्या पाच वर्षांच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून कळतं. समजा नव्या वस्तीत तीन वर्षांची 40 मुलं आहेत आणि दहातली सहा आपल्याकडे येतात. पहिलीत 24, पाच वर्गांत 120. शिक्षण हक्क कायद्यानुसार 91 ते 120 मुलांना चार शिक्षक, आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली. शिवाय कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापक मिळून एक. पण चार खोल्यांत पाच वर्ग म्हणजे दोन इयत्ता एकत्र. पहिली-दुसरी एकत्र बसली की पहिलीचं वाचन कसं मागे पडतं हे मी पाहिलंय. मागणी पाच वर्गखोल्यांचीच करा, आणि वाढीसाठी आवारात आणखी दोनची जागा नकाशावरच दाखवा.

अंतराचा निकष पाचवीपर्यंत 1 किलोमीटर आणि आठवीपर्यंत 3. तो पोरांच्या पायवाटेनं मोजा. मधे हायवे किंवा पावसाळ्यात भरणारा नाला असेल तर प्रस्तावात तसं ठळक लिहा.

इमारतीबद्दल एकच आग्रह: पाया. आपली काळी कापसाची माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. आमच्या तिसरीच्या खोलीच्या भिंतीला मे महिन्यात अशी भेग पडायची की पोरं तिच्यात खडूचे तुकडे टाकायची. ऑगस्टमध्ये ती मिटायची आणि दार चौकटीत घट्ट बसायचं, खांदा लावल्याशिवाय उघडत नसे. तेव्हा माती परीक्षणाशिवाय अंदाजपत्रक घेऊ नका. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेला अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या आणि तळाशी रुंद केलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया आहे. अभियंत्याला त्याबद्दल नाव घेऊन विचारा. टिनपत्र्यांचं छत नकोच. उन्हामुळे आपल्याकडे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, तरी जूनअखेर पत्र्याखाली बसवत नाही. खिडक्या उत्तर-दक्षिण, पश्चिमेला वऱ्हांडा.

जुन्या पडक्या खोल्यांचं निर्लेखन, म्हणजे सरकारी नोंदीतून त्या कमी करणं, आधीच करून घ्या, नाहीतर कागदावर त्या खोल्या धरल्या जातात आणि मागणी अडते.

सुरुवात या आठवड्यात करता येईल. अंगणवाडी सेविकेकडे जाताना वहीत वस्तीनुसार रकाने आखून न्या. कोणतं लेकरू हायवेच्या कुठल्या बाजूला राहतं, हे तिला तोंडपाठ असतं.