तीन ॲप आणि मशिदीतला छापील तक्ता

बेटा, सलाम.

तुझा लांबलचक मेसेज सहरी उरकल्यावर वाचला. तीन ॲप, तिन्हींत फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, वेळ वेगळी, आणि होस्टेलजवळच्या मशिदीतला छापील तक्ता चौथंच काही सांगतोय. त्यावर तुझा निकाल असा की तक्ता चुकीचा, ॲप त्याहून चुकीची, आता नमाजाच्या वेळांचं ॲप मीच लिहिते. जरूर लिही. फक्त ‘चुकीचा’ म्हणायची घाई करू नकोस, कारण या चौघांपैकी कोणाचंच गणित चुकलेलं नाही.

फजर सुरू होते ती पहाटेचा पहिला आडवा उजेड फुटल्यावर. तेव्हा सूर्य क्षितिजाच्या किती अंश खाली असतो, हे प्रत्येक संस्थेने आपापलं ठरवलंय. कराचीची पद्धत १८ अंश धरते, मुस्लिम वर्ल्ड लीगही १८, इजिप्तची १९.५ आणि उत्तर अमेरिकेतली इस्ना १५. पुण्यात या दिवसांत पहाटे सूर्याला एक अंश वर यायला सव्वाचार मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे १५ आणि १८ यांत साधारण तेरा मिनिटांचं अंतर. तुझ्या दोन ॲपमध्ये नेमका तेवढाच फरक आहे ना? सेटिंग उघडून बघ. तुला न विचारता कोणीतरी तुझ्यासाठी पद्धत निवडून ठेवली आहे.

मशिदीचा तक्ता वेगळा दिसतो तो एहतियातीमुळे, म्हणजे खबरदारीमुळे. सहरी दोन-चार मिनिटं आधी संपवायची, इफ्तार एक-दोन मिनिटं उशिरा. हिंजवडीपासून हडपसरपर्यंत एकच कागद चालवायचा म्हटल्यावर दोन टोकांत पाऊण मिनिटाचा फरक पडतोच, शिवाय लोकांची घड्याळं. मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. ज्याने तो तक्ता केला त्याला मापातली सहिष्णुता, म्हणजे किती चूक चालून जाते, ते नीट कळत होतं, एवढं मी सांगू शकतो.

असरचं, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाचं, कोडं त्याहून मजेचं आहे. तुझी सोलापूरची रूममेट म्हणते अजून वेळ झाली नाही, आणि तुझा फोन म्हणतो कधीच झाली. आपण कोकणी मुसलमान शाफई पंथाचे; दुपारच्या मूळ सावलीत वस्तूच्या उंचीएवढी भर पडली की आपली असर सुरू. ती हनफी आहे, तिच्याकडे भर दुप्पट लागते. कोडमध्ये हा फरक म्हणजे १ च्या जागी २, एवढाच. पण फेब्रुवारीतल्या पुण्यात त्या एका आकड्याने वेळ पन्नास मिनिटं पुढे जाते. कागदावर करून बघ: अक्षांश १८.५, सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, उणे ११ अंश घे. शाफई असरला सूर्य साडेबत्तीस अंशांवर येतो, हनफीला सव्वाएकवीसवर. हे हाताने एकदा सोडवल्याशिवाय तयार कोडच्या लायब्ररीला हात लावू नकोस. आणि कोन अंशांत देतेस की रेडियनमध्ये, ते प्रत्येक ओळीला तपास. नमाजाच्या ॲपमधल्या निम्म्या तक्रारी मुळात तिथेच सुरू होत असाव्यात.

आता ‘डिफॉल्ट काय ठेवू?’ हा तुझा प्रश्न. काहीच ठेवू नकोस. पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्याला दोन गोष्टी विचार, पद्धत कोणती आणि असर कोणती, आणि शेजारी तिसरी सोय दे: ‘माझ्या मशिदीच्या तक्त्याप्रमाणे मिनिटं मागेपुढे कर.’ सूर्य कुठे आहे हे तुझा प्रोग्राम सांगेल. त्या सूर्यावरून नमाज कधी पढायची हे जमात आणि उलेमा ठरवतात, आणि ते कोणत्या कंपनीच्या किंवा एकविशीतल्या हुशार पोरीच्या हाती जाऊ नये. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अल-शातिर हा मुवक्कित होता, म्हणजे वेळा काढण्यासाठी नेमलेला खगोलज्ञ. १३७१ च्या सुमाराला त्याने तिथल्या मिनारावर भलंमोठं सूर्यघड्याळ बसवलं. त्याचं चंद्राच्या गतीचं गणित पुढे कोपर्निकसच्या गणिताशी जुळलेलं आढळतं, इतका तो पुढचा माणूस. तरी त्याच्या घड्याळाचं काम वेळ दाखवण्याचं. अजान द्यायला मुअज्जिन वेगळा.

मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला, आपल्या सुन्नींत असा मतभेद नाही, सूर्य मावळला की रोजा सोडायचा. तरीही तुझ्या कोडमध्ये उणे ०.८३३ असा विचित्र आकडा येईल. तो कुठून आला हे माहीत असू दे. हवेमुळे किरण वाकतात त्याचे ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), सूर्याच्या अर्ध्या बिंबाचे १६, मिळून ५० कला म्हणजे ०.८३३ अंश. सूर्याची वरची कड क्षितिजावर टेकलेली आपल्याला दिसते, तेव्हा खरा सूर्य अख्खाच्या अख्खा खाली गेलेला असतो. उंचीवर गेलं की क्षितिज आणखी खाली सरकतं. म्हणून २०११ मध्ये दुबईच्या धर्मखात्याने सांगितलं होतं की बुर्ज खलिफात ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं थांबून रोजा सोडावा, आणि दीडशेच्या वर राहणाऱ्यांनी तीन. कोणाला हा पोरखेळ वाटला, मला तर त्या वर्षीची ती सगळ्यात आवडती बातमी वाटली. पाचशे मीटर उंचीवर क्षितिज सुमारे ४३ कला खाली जातं, हे तू वहीत मांडून बघ. ती तीन मिनिटं बरोबर निघतात.

सूर्यास्ताचा पडताळा होस्टेलच्या गच्चीवरून घेऊ नकोस. पुण्यात पश्चिमेला टेकड्या आहेत, सूर्य त्यांच्याआड जातो, मावळत नाही. ईदला चिपळूणला येशील तेव्हा गुहागरच्या किनाऱ्यावर जाऊ. समोर सपाट समुद्र, पाण्याजवळ उभं राहिलं की उंचीची दुरुस्ती दहा सेकंदांची. फक्त मार्चात क्षितिजावर धुरकट पट्टा असतो आणि सूर्य पाण्यावर टेकायच्या आधीच त्यात विरून जातो, तेव्हा लागोपाठ दोन-तीन संध्याकाळी काढायची तयारी ठेव.

तुझ्या स्केचमध्ये मला एकच गोष्ट अजिबात आवडली नाही: ॲप उघडताच जीपीएसची अचूक परवानगी. कशाला? आपल्या अक्षांशावर एक रेखांश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर आणि चार मिनिटं. पूर्व-पश्चिम एक किलोमीटर सरकलं तर फरक सव्वादोन सेकंदांचा. मुंबई आणि नागपूर यांच्यात २५ मिनिटं आहेत, ती शहराच्या नावावरून कळतात. गल्ली समजून तू काय करणार? शहरांची यादी दे, निवडू दे. २०२० च्या नोव्हेंबरात बातमी आली होती की ‘मुस्लिम प्रो’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या ॲपमधून वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड नावाच्या डेटा विकणाऱ्या कंपनीकडे जात होती, आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बोभाटा झाल्यावर ॲपवाल्यांनी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. कोण कोणत्या मशिदीत किती वाजता जातो ही माहिती तुझ्याकडे येऊच देऊ नकोस. हे सगळं गणित दोनेकशे ओळींत बसतं, फोनमध्येच चालतं, त्याला सर्व्हर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

अलार्म उशिरा वाजतो ही तुझ्या आईची तक्रार मात्र खरी आहे. अँड्रॉइड ६ पासून फोन पडून राहिला की ‘डोझ’मध्ये जातो आणि साधे अलार्म एकत्र करून सवडीने वाजवतो. नेमक्या मिनिटाला वाजणाऱ्या अलार्मसाठी अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी आहे, आणि १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना ती आपसूक मिळत नाही, मागावी लागते. त्यात काही फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली ॲप मुळातच बंद करून टाकतात. लाऊडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी, तेव्हा सहरीची भिस्त आता बऱ्याच घरांत याच अलार्मवर असते. सगळ्यात जास्त वेळ इथे घाल. रंग आणि चंद्रकोरीचं चिन्ह ईदनंतर बघू.

तारखेचंही तसंच. ब्राउझरला हिजरी तारीख विचारलीस आणि त्याने एक दिवस पुढची दिली, कारण तू त्याला उम्म अल-कुरा कॅलेंडर मागितलंस. ते सौदी सरकारचं आहे: मक्केत सूर्यास्तापूर्वी अमावास्येचा क्षण होऊन गेला आणि चंद्र सूर्यानंतर मावळला, की दुसऱ्या दिवशी नवा महिना. आपल्याकडे चंद्र डोळ्यांनी बघतात. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्रदर्शन ठरवणाऱ्या हिलाल कमिटीची घोषणा येईपर्यंत उद्या ईद की तिसावा रोजा हे कोणाला माहीत नसतं. तारखेत एक दिवस मागेपुढे करायचं बटण दे. ‘ईदला इतके दिवस उरले’ असली उलटमोजणी टाकू नकोस. शीरखुर्म्याचं दूध किती सांगायचं याचा घोळ प्रत्येक घरात दर वर्षी होतो आणि तो होऊ द्यावा.

कामाच्या वेळा विचारल्यास, तर सहरी-फजरनंतरचे दोन तास डोकं सर्वांत स्वच्छ असतं. कॉलेजची गडबड सुरू होण्याआधी अवघड भाग तेव्हा उरक. रात्री तरावीहच्या नमाजानंतर वाचन कर, नवं काही लिहू नकोस. इफ्तारच्या आधीच्या तासात कोडला हात लावायचा नाही. तेव्हा माणसाला स्वल्पविराम दिसत नाही, भजी दिसतात. आणि चालू रमजानात लोकांच्या फोनवर नवी आवृत्ती ढकलू नकोस, कितीही छोटी दुरुस्ती असली तरी. यंदा घरातल्या चार-पाच फोनवर चालव, आईचं ऐकून घे. लोकांना द्यायचं ते पुढच्या वर्षी, आणि तेही रमजानच्या दोन महिने आधी.

किब्ल्याच्या, म्हणजे मक्केतल्या काब्याच्या दिशेच्या, होकायंत्राबद्दल तू विचारलंस ते राहिलंच. मुंबईहून दिशा निघते उत्तरेपासून २८० अंश, पुण्यातही जवळपास तीच, म्हणजे पश्चिमेला किंचित उत्तर. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशापलीकडे फरक नसतो, त्यामुळे ती दुरुस्ती हा तुझा त्रास नव्हे. त्रास होस्टेलच्या लोखंडी पलंगाचा आहे. पलंगावर ठेवून घेतलेलं माप फेकून दे.

ताडून बघायचं असेल तर २८ मेपर्यंत थांब. त्या दिवशी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर असतो. अंगणात दोरीला वजन बांधून लटकव. दोरीची सावली जिकडे पडेल त्याच्या उलट किब्ला. ढग आले तर १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी पुन्हा संधी आहे, पण चिपळूणच्या जुलैत ऊन मिळायचं म्हणजे नशीब लागतं. तेव्हा मेमध्येच कर. सावलीवर खडूने रेघ ओढ, तिच्यावर फोन ठेव, आणि आलेला आकडा मला पाठव.

आईला सलाम सांग.

तुझा,
मामू