बांधावरची झाडे, मांजरेचे खोरे

शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीवर झाडे लावण्याबद्दल मांजरा खोऱ्यातून आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमचे गाव पाटोदा तालुक्यात, मांजरेच्या उगमाकडे आहे. दोनशे हेक्टर शेतीत झाडे लावायचे गावाने ठरवले आहे. सुरुवात नदीकाठापासून करावी का?

नको, माळावरून खाली या. बालाघाटात गवळवाडीजवळ उगम पावलेली मांजरा वाटेतली माती धनेगावच्या धरणात नेऊन टाकते. ती माती तुमच्या बरडाची असते. तिथे आधी उताराला आडवे समतल चर घ्या, ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल. चराच्या मातीच्या वरंब्यालगत सीताफळ, बोर, कडुनिंब लावा. मधल्या शेतांत बांधावरची झाडे. ओढ्याच्या काठाला करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर, पण पात्र मोकळेच ठेवा.

आता रोपांचा हिशेब. चौकोनी एक हेक्टरचा बांध ४०० मीटर भरतो. चार मीटरवर एक धरले तर १०० झाडे बसतात. बांध दोघांत असल्याने हेक्टरी ५० धरा, म्हणजे बांधांसाठी दहा हजार रोपे. एवढी रोपे जूनमध्ये ऐनवेळी मिळत नाहीत, मिळतात ती बोटभर उंचीची उरलीसुरली. रोपवाटिकेला आदल्या दिवाळीतच सांगून ठेवा आणि दोन-अडीच फुटांची रोपे मागा.

प्रश्न : गेल्या जुलैत बांधावर १२० रोपे लावली. पोळ्यापर्यंत हिरवीगार होती, मे महिन्यात वीसही उरली नाहीत. जमीन भारी काळी आहे. काय चुकले?

एकच चूक असेल असे नाही. वाळलेली दोन-चार रोपे उपटून मुळे बघा. मुळांचा गोळा पिशवीच्या आकाराचाच राहिला असेल, तर पिशवी न काढता लावले किंवा तळाशी गुंडाळलेले मूळ कापले नाही. अशी रोपे पावसाळाभर तगतात आणि वरची ओल सरली की जातात.

मुळे मोकळी पसरलेली असतील, तर दोष जमिनीच्या भेगांचा. काळी जमीन फेब्रुवारीनंतर उलते. भेगेत कोवळी मुळे तुटतात आणि खालची ओलही उडून जाते. दर दहा दिवसांनी आळे खुरपून भेगा बुजवा. त्यावर चार बोटे जाडीची सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरलेला भुसा) पसरा, मात्र ती खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी खोडाला लागते.

पाणी आठवड्याला झाडामागे १० लिटर लागते. फेब्रुवारी ते मृग हे १८ आठवडे. १२० झाडांना २१,६०० लिटर, म्हणजे पाच हजारी टँकरच्या जवळपास साडेचार खेपा. एवढी सोय नसेल तर साठच झाडे लावा. शंभर लावून फोटो काढण्यापेक्षा साठ जगवणे परवडते.

यंदा खड्डे एप्रिलमध्येच घ्या. काळ्या जमिनीत दीड फूट, मुरमाड जमिनीत दोन फूट, लांबी, रुंदी आणि खोली सारखीच. भरताना मातीत ५ किलो कुजलेले शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळा. काळ्या जमिनीत खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा, खोलगट राहिला तर भाद्रपदात पाणी साचून मूळ कुजते. दोन चांगले पाऊस झाल्यावर, आर्द्रा-पुनर्वसूत लागवड करा. आणि उन्हाळ्यात बांध पेटवायची सवय सोडा. त्या एका जाळात दोन वर्षांची मेहनत जाते. तणनाशकाचा फवाराही वाऱ्याने कोवळ्या पानांवर येतो, तिकडे लक्ष असू द्या.

प्रश्न : सावलीने सोयाबीन-हरभरा बसतो, शेजारी कटकट करतो. उपाय?

उंच झाडे दक्षिणोत्तर बांधावर लावा. पूर्व-पश्चिम बांधावरच्या झाडाची सावली हिवाळ्यात उत्तरेच्या रब्बीवर दिवसभर पडून राहते, तिथे सीताफळ किंवा मीटरभरावर छाटलेले गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) बरे. गिरिपुष्पाचा पाला शेतातच टाका, त्यात नत्र चांगले असते. मुळे पिकात शिरू नयेत म्हणून झाडापासून मीटरभर अंतरावर दोन फूट खोल चर काढा आणि दर दोन वर्षांनी उकरा. सामाईक बांधावरचे झाड कुणाचे, हे लावण्याआधी कागदावर घ्या.

प्रश्न : पुढे तोडायला परवानगी लागेल का?

साग, आंबा, चिंच, जांभूळ, चंदन, अंजन यांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे लागते. बाभूळ त्या यादीत नाही. बांबूला २०१७ च्या दुरुस्तीने वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून वगळले. लागवडीची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या.

प्रश्न : झाडांनी विहिरीचे पाणी वाढेल ना?

लगेच नाही. झाड स्वतः पाणी पिते, म्हणून विहिरीच्या काठाला निलगिरी नको. पाणी अडते आणि मुरते ते चर, बांध आणि कुजलेल्या पाल्याने भुसभुशीत झालेल्या मातीमुळे. पाच-सात वर्षे दर पंधरवड्याला दोरी सोडून विहिरीची पातळी वहीत लिहा, शेजारी त्या पंधरवड्याचा पाऊसही लिहा. पावसाचा आकडा नसेल तर पातळी झाडांनी वाढली की नुसत्या चांगल्या पावसाने, हे कळायचे नाही.