टॅकोमाला ३३ इंची टायर आणि वाढीव वजन : क्राउन-पिनियन बदलावा का?

आपण विचारले आहे की, डेन्व्हरमध्ये वापरात असलेल्या आपल्या २०१९ च्या टोयोटा टॅकोमाला (व्ही६, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर) २८५/७०आर१७ (सुमारे ३३ इंची) टायर, पोलादी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढण्याचे यंत्र) आणि छतावरचा तंबू बसवल्यापासून आय-७० या डोंगरातून जाणाऱ्या महामार्गाच्या चढावर गिअर सतत वर-खाली होतात आणि मायलेज गॅलनला २० मैलांवरून १६ वर आले आहे. तेव्हा दोन हजार डॉलरहून जास्त खर्च करून डिफरन्शिअलचा क्राउन-पिनियन, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्ट किती वेळा फिरेल ते ठरवणारी दातेरी चाकांची जोडी, बदलावा का. मी कोलोरॅडोतच याच पिढीची टॅकोमा चालवतो आणि यांत्रिक अभियांत्रिकी हा माझा व्यवसाय आहे, म्हणून उत्तर आकड्यांसह देतो.

टायर आणि वजन या दोन गोष्टींचे परिणाम चालकाला सारखेच जाणवतात, म्हणजे गाडी ओढत नाही, पण त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. मोठ्या टायरमुळे प्रत्येक गिअरमध्ये चाकापर्यंत पोहोचणारी ओढ कमी होते. वजनामुळे गिअरची गुणोत्तरे बदलत नाहीत. चढावर लागणारी शक्ती वाढते. पहिले नुकसान क्राउन-पिनियन बदलून पूर्ण भरून निघते. दुसऱ्याच्या बाबतीत तो फक्त इंजिनाला योग्य फेऱ्यांवर ठेवू शकतो, नवी शक्ती निर्माण करू शकत नाही.

आधी टायरचा हिशेब पाहू. आपली गाडी टीआरडी ऑफ-रोड या आवृत्तीची असेल, तर तिचे मूळ टायर २६५/७०आर१६, म्हणजे सुमारे ७७७ मिलिमीटर व्यासाचे होते. नव्या टायरचा व्यास सुमारे ८३१ मिलिमीटर आहे, म्हणजे वाढ जवळजवळ ७ टक्के. या गाडीच्या ऑटोमॅटिक आवृत्तीत डिफरन्शिअलचे गुणोत्तर ३.९०९ आहे. टायर ७ टक्क्यांनी मोठा होणे म्हणजे, परिणामाच्या दृष्टीने, हे गुणोत्तर ३.६६ वर येणे. गिअरबॉक्सचा पाचवा गिअर ०.६८७ आणि सहावा ०.५८० असल्याने वरचे दोन्ही गिअर मुळातच इंधन वाचवण्यासाठी लांब, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी ठेवणारे, आहेत, त्यांत ही भर पडली आहे. ताशी ६५ मैलांच्या खऱ्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन पूर्वी मिनिटाला सुमारे १६२० फेरे घेत असे, आता ते १५१० घेते; चौथ्यात २७९० चे २६१० झाले आणि तिसऱ्यात ४१५० चे ३८९०. टायर भाराखाली थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे किंचित जास्त असतील, पण प्रमाण हेच राहील.

हे साडेतीन लिटरचे इंजिन आपला कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर), म्हणजे २६५ पौंड-फूट, ४६०० फेऱ्यांना देते. दीड हजार फेऱ्यांवर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. फेरे कमी म्हणजे इंधन कमी, हा समज सपाट रस्त्यावर बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र जरासा चढ किंवा समोरचा वारा आला की सहावा गिअर टिकत नाही, टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाद्वारे जोडणाऱ्या भागाचे) लॉक सुटते, गाडी पाचव्यात आणि मग चौथ्यात येते, वेग सावरला की पुन्हा सहाव्यात जाते, आणि या येरझाऱ्यांत गिअरबॉक्सचे तेल तापते. आपल्याला जाणवणारी वर-खाली मुख्यतः हीच आहे.

आता वजन. आपल्या यादीवरून मी २५० ते ३०० किलो वाढ धरतो. चार माणसे आणि सामान धरून गाडी तिच्या कमाल अनुज्ञेय एकूण वजनाच्या, म्हणजे ५६०० पौंडांच्या, अगदी जवळ असेल. आय-७० वर सिल्व्हरथॉर्न गावाहून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना ७ टक्क्यांपर्यंत चढ लागतो. अशा चढावर ६५ मैलांचा वेग टिकवायला, तंबूमुळे वाढलेला वाऱ्याचा अडथळा धरून, माझ्या ढोबळ हिशेबाने इंजिनाला ११५ अश्वशक्तीच्या आसपास द्यावी लागते, आणि त्यातली आठ-नऊ अश्वशक्ती केवळ या ३०० किलोंसाठी खर्च होते. ही काही फार मोठी वाढ नव्हे. खरा फटका उंचीचा आहे, आणि कोलोरॅडोतले लोकही तो विसरतात. बोगद्याचे पश्चिम तोंड ११,१५८ फुटांवर आहे, तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. कागदावरची २७८ अश्वशक्ती तेथे दोनशेच्याही खाली जाते, आणि तीही फक्त वरच्या फेऱ्यांना.

म्हणून बोगद्याजवळच्या चढावर गाडीला तिसरा गिअर लागणारच. टायर मूळचे असते आणि वजन वाढवले नसते, तरी तेथे चौथ्या गिअरची फारशी शाश्वती नव्हती. क्राउन-पिनियनचा खरा लाभ चार-पाच टक्क्यांच्या मधल्या चढांवर दिसतो. ४.८८ गुणोत्तराचा संच घातला तर ६५ मैलांना चौथ्या गिअरमध्ये ३२६० फेरे मिळतात. आज आपल्याकडे चौथ्यातले २६१० आणि तिसऱ्यातले ३८९० यांच्यामध्ये काहीच नाही. एकात गाडी ओढत नाही आणि दुसऱ्यात इंजिन विनाकारण ओरडते. नव्या संचाने नेमकी ही पोकळी भरते. सहाव्यात १८९० फेरे होतात, जे या इंजिनाला सपाट रस्त्यावर अजिबात जड नाहीत. फक्त टायरची भरपाई करायची असती तर ४.१८ पुरले असते. त्यापुढचा भाग वजन आणि उंचीसाठी आहे. ५.२९ हा संचही या गाडीला बसवला जातो, पण ३३ इंची टायरवर मी तो सुचवणार नाही. ३५ इंची टायर घालायचे नसतील तर ४.८८ पुरेसा आहे. शिवाय गुणोत्तर वाढते तसा पिनियन लहान होत जातो आणि त्याच्या दातांवर जास्त भार येतो.

मायलेजच्या आकड्याबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. मीटर नव्या टायरनुसार दुरुस्त करून घेतला नसेल तर ओडोमीटर प्रत्येक मैल ७ टक्क्यांनी कमी मोजतो आहे, म्हणजे आपले १६ प्रत्यक्षात १७ च्या थोडे वर आहेत. घट खरी आहे, पण दिसते तेवढी नाही. त्याच कारणाने काटा ६५ दाखवतो तेव्हा गाडी साडेएकोणसत्तरने धावत असते, आणि ही सबब पोलीस ऐकून घेत नाहीत. उरलेल्या घटीत तंबूचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे. तंबू हिवाळ्यात काढून ठेवला तर सपाट रस्त्यावर जो फरक दिसेल, तो कोणत्याही क्राउन-पिनियनने दिसणार नाही.

ब्रेकचा विषय आपण काढलेला नाही, तरी तो टाळता येणार नाही. ब्रेकचा जोर तोच राहून चाकाची त्रिज्या ७ टक्क्यांनी वाढली की रस्त्यावर मिळणारा रोध साडेसहा टक्क्यांच्या आसपास घटतो. त्याच वेळी थांबवायचे वजन वाढलेले असते, आणि जाड थरांचे टायर प्रत्येकी काही किलोंनी जड व फिरते असल्याने त्यांना थांबवायलाही जास्त श्रम पडतात. या गाडीला मागे अजून ड्रम ब्रेक आहेत. बोगद्यापासून डेन्व्हरकडे उतरताना इंजिन ब्रेकिंगही त्याच ७ टक्क्यांनी कमी झालेले असते. ते मात्र ४.८८ ने परत मिळते आणि वर थोडे जास्तच मिळते. माझ्या दृष्टीने संच बदलण्याचे हे कारण चढापेक्षा वजनदार आहे. मात्र कमाल अनुज्ञेय वजन क्राउन-पिनियनने वाढत नाही, आणि मागच्या नव्या स्प्रिंग-पाट्यांनीही वाढत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर प्रवासी आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेले असते. बंपर, विंच आणि तंबू त्यातूनच वजा करावे लागतात.

माझा सल्ला असा आहे. प्रथम गाडी नेहमीच्या सामानासह ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या आसाचे वजन वेगवेगळे पाहावे. त्यानंतर एक-दोनदा घाट चढताना गिअरचा दांडा ‘एस’ (वरच्या गिअरची मर्यादा स्वतः ठरवण्याच्या स्थिती) मध्ये घेऊन चौथ्या गिअरची मर्यादा घालावी, किंवा ‘ईसीटी पॉवर’चे (गिअर उशिरा वर टाकणारे) बटण दाबून चालवावे, वर-खाली होणे त्याने बरेच थांबते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. वर्षातून चार वेळाच डोंगरात जात असाल तर तेवढ्यावर भागवावे. दर आठवड्याला जात असाल आणि हेच टायर ठेवणार असाल, तर ४.८८ चा खर्च योग्य आहे.

तो करताना पुढचा आणि मागचा दोन्ही डिफरन्शिअल एकाच गुणोत्तराचे करावे लागतात, कारण गुणोत्तर वेगळे राहिले तर फोर-व्हीलवर टाकताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या आसांना शक्ती वाटणारी पेटी) आणि आस एकमेकांविरुद्ध ताणले जातात. खर्च दुप्पट होतो तो यामुळेच. दातांची जुळणी हे बारीक मापाचे काम आहे, त्यामुळे दातांवर रंग लावून उमटलेला ठसा आणि मोजलेली मोकळीक दाखवायला तयार असलेल्या कारागिराकडेच ते द्यावे. पहिले ५०० मैल ओझे न ओढता, मध्येमध्ये थंड होऊ देत गाडी चालवावी आणि मग दोन्हीकडचे तेल बदलून घ्यावे.