हमिंगबर्डच्या रूपाने दिवंगत परत येतात का?

प्रश्न : माझे वडील नुकतेच गेले. मेक्सिकोतील एका स्नेह्याने सांत्वनाच्या पत्रात लिहिले आहे, की हमिंगबर्ड दिसला तर तो गेलेल्या माणसाचा निरोप समजावा. या समजुतीला काही जुना आधार आहे का? या पक्ष्याचा ताईतही ते पाठवणार आहेत. तो जवळ ठेवावा का?

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या स्नेह्याने लिहिलेली समजूत मेक्सिकोत आजही जिवंत आहे आणि तिची मुळे खरोखरच जुनी आहेत. मात्र ती आजच्या अर्थाइतकी कोमल नाहीत.

सोळाव्या शतकात बर्नार्दिनो द साआगून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने स्थानिक नाहुआ जाणकारांच्या साहाय्याने १२ भागांचा एक ग्रंथ सिद्ध केला, जो आज ‘फ्लोरेन्टाइन कोडेक्स’ या नावाने ओळखला जातो. रणांगणावर पडलेले योद्धे सूर्याच्या घरी जातात, ४ वर्षे त्याची सोबत करतात आणि त्यानंतर हमिंगबर्डसारखे रंगीत पक्षी किंवा फुलपाखरे होऊन फुलांतील मध चाखत हिंडतात, अशी अ‍ॅझ्टेक या मध्य मेक्सिकोवर पूर्वी राज्य करणाऱ्या नाहुआ लोकांची श्रद्धा त्यात नोंदलेली आहे. आजारपणाने किंवा वार्धक्याने मरण आलेल्यांना ही गती मिळत नसे; त्यांची वाट मिक्तलान या मृतांच्या लोकाकडे जाई. सूर्य आणि युद्ध यांचा देव वित्सिलोपोच्त्ली जुन्या चित्रांत हमिंगबर्डचे शिरोभूषण घातलेला दिसतो, आणि आजच्या मेक्सिको शहराच्या जागी असलेल्या तेनोच्तित्लानच्या महामंदिराच्या माथ्यावरील दोन गाभाऱ्यांपैकी एक त्याचा होता.

जेमतेम काही ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला युद्धदेवतेच्या माथ्यावर स्थान का मिळावे, याचे उत्तर त्याच्या वागण्यात आहे. अनेक जातींचे नर आपल्या फुलांच्या ताटव्यावर दुसऱ्याला फिरकू देत नाहीत आणि स्वतःहून मोठ्या पक्ष्यावरही सुईसारखी चोच रोखून झेप घेतात. पुनर्जन्माची कल्पनाही अशीच निरीक्षणातून आली असावी, असे मला वाटते. त्याच ग्रंथात म्हटले आहे, की हा पक्षी हिवाळ्यात झाडात चोच खुपसून लटकतो, सुकतो, त्याची पिसे झडतात, आणि पावसाची चाहूल लागली, की तो पुन्हा जागा होतो. शब्दशः हे खरे नाही. पण थंड रात्री किंवा अन्न कमी पडले असता अनेक हमिंगबर्ड खोल शिथिलावस्थेत जातात. तेव्हा एरवी मिनिटाला हजारापर्यंत जाऊ शकणारे त्यांचे हृदयाचे ठोके अगदी मंदावतात, शरीर गार पडते आणि पक्षी मेल्यासारखा दिसतो. काही वेळाने तो थरथरत अंग तापवतो आणि उडून जातो. ज्यांनी हे पाहिले असेल, त्यांनी या पक्ष्यात मरणावर मात करणारी शक्ती पाहिली, यात नवल नाही.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील होपी आणि झुनी या समाजांत मात्र त्याचे नाते युद्धापेक्षा पावसाशी आहे. पेरूतील नाझकाच्या वाळवंटातही त्याची भव्य रेखाकृती आहे, आणि काही अभ्यासक तेथील रेषांचा संबंध पाण्यासाठी होणाऱ्या विधींशी जोडतात.

प्रत्येक दिवंगत आप्त या रूपाने भेटीस येतो, हा अर्थ जुन्या श्रद्धेच्या पुष्कळ पुढे गेलेला आहे. त्यातून आपल्याला धीर मिळत असेल, तर तो नाकारण्याचे कारण मला दिसत नाही; फक्त त्याला अ‍ॅझ्टेकांची शिकवण म्हणू नये. हा पक्षी मध कोठे मिळतो ते लक्षात ठेवतो आणि त्याच फुलांकडे पुन्हा पुन्हा येतो, हेही ठाऊक असावे.

ताईताविषयी मात्र माझे उत्तर स्पष्टपणे नकाराचे आहे. मेक्सिकोत प्रेमप्राप्तीसाठी सुकवलेला हमिंगबर्ड लाल धाग्यात गुंडाळून, सोबत प्रार्थना देऊन विकला जातो, आणि त्या मागणीपायी जिवंत पक्षी मारले जातात. हमिंगबर्डच्या सर्व जाती वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे ‘साइटिस’मध्ये, समाविष्ट असल्याने परवान्याशिवाय असा ताईत एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता येत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या १९१८ च्या कायद्यानुसार त्याचे पीस परवान्यावाचून बाळगणेही गुन्हा ठरते. ताईत पाठवू नये, असे आपल्या स्नेह्याला आजच कळवावे आणि आठवण म्हणून काही हवेच असेल, तर या पक्ष्याचे चित्र मागावे.