फॉरमॅटनंबर टॅगला पॅटर्न देऊनही फोन क्रमांकाचे गट चुकीचे का पडतात?

आपला प्रश्न असा आहे की, जेएसपी पानावर (जावावर चालणाऱ्या वेबपानावर) जेएसटीएल या तयार टॅगसंचातल्या, संख्येची मांडणी करणाऱ्या फॉरमॅटनंबर टॅगला ‘###,###,####’ असा पॅटर्न दिला, तरी ९८७६५४३२१० हा नमुन्याचा क्रमांक तीन-तीन-चार अशा गटांत न दिसता ‘९८,७६५४,३२१०’ असा का दिसतो. हा टॅग आतून जावाचा डेसिमलफॉरमॅट वर्ग वापरतो आणि त्या वर्गाला गटाची एकच लांबी कळते: पॅटर्नमधल्या शेवटच्या स्वल्पविरामापासून उजव्या टोकापर्यंत जेवढी चिन्हे असतील तेवढी. आधीचे स्वल्पविराम तो मुकाट्याने सोडून देतो. आपल्या पॅटर्नच्या शेवटी चार हॅश आहेत, म्हणून उजवीकडून चार-चारचे गट पडले. याच कारणाने ‘##,##,###’ लिहूनही या वर्गाकडून लाख-कोटींची मांडणी मिळत नाही. स्वल्पविरामाच्या जागी डॅश घालूनही उपयोग नाही, कारण पॅटर्नच्या भाषेत डॅश म्हणजे वजाचे चिन्ह.

‘#####,#####’ असा पॅटर्न दिलात, तर मात्र ‘९८७६५,४३२१०’ मिळेल आणि रिप्लेस फंक्शनने स्वल्पविरामाची जागा मोकळी करता येईल. मोबाइल क्रमांकांपुरते हे चालते, तरीही मी ते सुचवणार नाही. यादीत पुण्याचा एखादा लँडलाइन क्रमांक आला की ‘२०’ हा कोड आणि पुढच्या आठ अंकांपैकी पहिले तीन एका गटात चिकटतील. संख्येचे गट एकम स्थानापासून, म्हणजे उजवीकडून पडतात, तर फोन क्रमांक डावीकडून वाचायचा असतो: आधी कोड, मग उरलेला क्रमांक. त्यातही पुण्याचा कोड ०२०, कोल्हापूरचा ०२३१ आणि अलिबागचा ०२१४१. कोड जितका लांब, तितका पुढचा क्रमांक आखूड. हे वेगळेपण कोणत्याही एका संख्या-पॅटर्नमध्ये मावणार नाही.

खरी अडचण पानावर नसून त्याआधी, डेटाबेसमध्ये आहे. आपण क्रमांक लाँग या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात साठवला आहे, त्यामुळे ‘०२०’मधले सुरुवातीचे शून्य तिथेच गळाले. (जावाच्या कोडमध्ये कोणी नुसते ०२० लिहिले, तर त्याची किंमत सोळा होते, कारण शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची धरली जाते.) इंट हा लहान पूर्णांकाचा प्रकार निवडला असता, तर गत याहून वाईट झाली असती. आमच्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या एका जुन्या यादीत शेकडो ग्राहकांचा फोन क्रमांक एकच होता: २१४७४८३६४७. इंटमध्ये मावणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे आणि आपले मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होत असल्याने प्रत्येक क्रमांक तिच्यापेक्षा मोठाच भरतो. त्या डेटाबेसने तक्रार न करता प्रत्येकाच्या नावापुढे कमाल संख्या लिहून ठेवली होती, आणि मूळ क्रमांक परत मिळवण्याचा काहीच मार्ग उरला नव्हता.

म्हणून डेटाबेसमधला रकाना आधी व्हारकार, म्हणजे मजकुराच्या प्रकारचा करावा. फोन क्रमांकांची कोणी बेरीज करत नाही. तो मजकूरच आहे. पानावर दाखवताना मजकुराचा तुकडा काढून देणाऱ्या सबस्ट्रिंग फंक्शनने ० ते ५ आणि ५ ते १० असे दोन तुकडे घ्यावेत आणि मध्ये एक जागा सोडावी, एवढे मोबाइलसाठी पुरते. लँडलाइन आणि परदेशी क्रमांकही असतील, तर कोडांची यादी स्वतः सांभाळत बसण्यापेक्षा गूगलचे लिबफोननंबर हे फोन क्रमांकांसाठीचे तयार कोडसंग्रह वापरावे. जावासाठी ते तयार मिळते.

फॉर्ममधला इनपुट ‘नंबर’ प्रकारचा ठेवू नये, ‘टेल’ (टेलिफोन) ठेवावा. एचटीएमएलचे पॅटर्न हे ॲट्रिब्यूट ‘टेल’वर चालते, ‘नंबर’वर चालत नाही. पण ते फक्त तपासणी करते, मांडणी बदलत नाही. फॉरमॅटनंबरच्या पॅटर्नशी नाव सारखे असल्याने इथे गोंधळ होतो. पहिला अंक ६ ते ९ आणि पुढे कोणतेही नऊ अंक, एवढा नियम मोबाइलसाठी पुरेसा आहे. मी इथे अंक देवनागरीत लिहीत असलो, तरी हा नियम कोडमध्ये इंग्रजी अंकांतच लिहिला जातो, आणि मराठी कळफलकावरून कोणी देवनागरी अंक भरले, तर तो ते नाकारतो. असे वापरकर्ते असतील, तर तपासणीपूर्वी अंक बदलून घ्यावेत.

दाखवताना सोडलेली मोकळी जागा फक्त डोळ्यांसाठी आहे. क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागावा असे हवे असेल, तर लिंकमध्ये +९१ लावून पुढचे दहा अंक सलग द्यावेत. लँडलाइन असल्यास कोडाआधीचे शून्य तेवढे गाळावे.